ताण झाडावर, फायदा किडीला: ऑक्टोबर छाटणीपासून उन्हाळ कांद्यापर्यंत नाशिक जिल्ह्यासाठी कीड सल्ला

पावसाने निरोप घेतला, की नाशिक जिल्ह्यात एकाच वेळी अनेक कामांची गर्दी होते. निफाड, दिंडोरी आणि चांदवडच्या पट्ट्यात द्राक्षाची फळ छाटणी सुरू असते, येवला आणि सिन्नरकडे रांगडा (उशिराच्या खरिपातला) कांदा शेतात उभा असतो, उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्याची लगबग असते आणि बागलाण, देवळा, मालेगाव भागात डाळिंबाच्या हस्त बहाराला, म्हणजे पावसाळ्याअखेर धरलेल्या फुलोऱ्याला, पाणी सोडलेले असते. तेथपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंतच्या पाच महिन्यांत हवामान तीन वेळा कूस बदलते: ऑक्टोबरचा उकाडा, डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि फेब्रुवारीअखेरीस पुन्हा चढणारे ऊन. या बदलांचा ताण जसा पिकावर येतो तसाच तो किडीच्या शरीरावरही येतो, आणि किडीच्या बाबतीत त्याचा पहिला परिणाम तिच्या प्रजननावर होतो. हे लक्षात घेऊन फवारणीची वेळ ठरवली, तर फवारण्या कमी लागतात आणि केलेली फवारणी कामी येते, म्हणून हा सल्ला थोडा विस्ताराने देत आहे.

अंडी आधी थांबतात, कीड नंतर मरते

कीटक हा थंड रक्ताचा जीव आहे. बाहेरचे तापमान हेच त्याच्या शरीराचे तापमान असते आणि त्याची वाढ, भूक व प्रजनन त्याच तालावर चालते. अन्न, पाणी किंवा तापमान यांपैकी एकाचीही ओढाताण झाली, की मादी शरीरातील साठा आधी जगण्यासाठी वापरते आणि अंड्यांवरचा खर्च थांबवते. काही जातींत तर तयार होत आलेली अंडी पुन्हा शरीरातच शोषली जातात. त्यामुळे कडक ऊन किंवा कडक थंडी पडते तेव्हा शेतात कीड तेवढीच दिसत असली, तरी अंडी घालण्याचे काम मंदावलेले असते.

नर याबाबतीत मादीहून नाजूक असतात, कारण पुष्कळ कीटकांत ज्या तापमानाला नर मरतो त्याच्या बरेच आधी तो वांझ होतो. पिठात आणि रव्यात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यावरचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. या भुंगेऱ्यांना मानवणाऱ्या तापमानापेक्षा ५ ते ७ अंश अधिक उष्णतेत ५ दिवस ठेवले, तेव्हा नरांपासून होणारी प्रजा जवळपास निम्म्यावर आली, आणि तशीच दुसरी लाट दिल्यावर नर बहुतांशी वांझ झाले. माद्यांची स्वतःची प्रजननक्षमता टिकून होती, मात्र मिलनानंतर त्यांच्या शरीरात साठवलेल्या शुक्राणूंचे नुकसान झाले.

हे वाचून मालेगावचा पारा ४२ अंशांवर गेला की कीड आपोआप संपेल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पहिले कारण असे की कीड तापमापकाशेजारी राहत नाही. फुलकिडे कांद्याच्या माने­जवळच्या आतल्या पातींच्या बेचक्यात बसतात, पिठ्या ढेकूण द्राक्षाच्या सुटलेल्या सालीखाली राहतो, आणि या जागा भर दुपारीही बाहेरच्या हवेपेक्षा थंड व ओलसर असतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कांद्यावरील फुलकिड्यांच्या बहुतेक माद्या नराशिवायच प्रजनन करतात आणि त्यांच्या पोटी पुन्हा माद्याच येतात. ज्या किडीला नराची गरजच नाही, तिला नर वांझ झाल्याने काही फरक पडत नाही. द्राक्षावर आणि मिरचीवर येणाऱ्या फुलकिड्यांत थोडा वेगळा प्रकार आहे: तेथे फलित न झालेल्या अंड्यांतून नर निघतात, म्हणजे एकटी पडलेली मादीदेखील पुढची पिढी सुरू करू शकते.

फुलकिडे: दिवस मोजण्यापेक्षा तापमान मोजा

कांद्यावरील फुलकिड्यांची वाढ साधारण साडेअकरा अंश सेल्सिअसच्या खाली थांबते आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्यांना सुमारे १८० अंश-दिवसांची उष्णता लागते. अंश-दिवस काढणे अवघड नाही. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मे करावे, त्यातून साडेअकरा वजा करावेत. उरले ते त्या दिवसाचे अंश-दिवस. ऑक्टोबरमध्ये कमाल ३३ आणि किमान १९ असेल तर सरासरी २६ येते, म्हणजे दिवसाला साडेचौदा अंश-दिवस जमा होतात आणि १२ ते १३ दिवसांत एक पिढी पूर्ण होते. डिसेंबरअखेर कमाल २८ आणि किमान ९ धरले तर दिवसाला ७ अंश-दिवस जमतात आणि तीच पिढी पूर्ण व्हायला २५-२६ दिवस लागतात. फेब्रुवारीच्या शेवटी कमाल ३३ आणि किमान १३ झाले, की हा कालावधी पुन्हा १५-१६ दिवसांवर येतो. हे गणित ढोबळ आहे, आणि रात्र फार थंड असेल तेव्हा प्रत्यक्ष जमा होणारी उष्णता या हिशेबापेक्षा थोडी अधिक भरते; तरीही "दर ८ दिवसांनी एक फवारणी" या सवयीपेक्षा ते नक्कीच अधिक विश्वासाचे आहे.

यातून निघणारा व्यवहार असा. कडाक्याच्या थंडीत, ज्या दिवसांत निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा फुलकिड्यांवर पाठोपाठ फवारण्या करण्याचे कारण नाही. किडीची पुढची पिढी इतक्यात येणार नसते. उलट थंडी ओसरून सलग ४-५ दिवस किमान तापमान १२ अंशांच्या वर राहू लागले, की लक्ष वाढवावे. थंडीत तग धरून राहिलेल्या माद्या ऊब मिळताच अंडी घालू लागतात आणि उन्हाळ कांद्यावर फेब्रुवारीत जो उद्रेक "एकाएकी" झालेला वाटतो, त्याची सुरुवात या चार दिवसांत झालेली असते.

निरीक्षणाची पद्धत सोपी आहे, पण ती मनापासून केली पाहिजे. द्राक्षबागेत सकाळी आठ-नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर, वहीचा कोरा पांढरा कागद कोवळ्या शेंड्याखाली किंवा फुलोऱ्यातील घडाखाली धरावा आणि शेंड्यावर बोटाने तीन-चार टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेली परागकणांची पिवळी धूळ जागच्या जागी राहते. तिच्यातून ज्या बारीक, तिळाच्या टोकाएवढ्या फिकट रेघा सरकू लागतात, ती फुलकिड्यांची पिल्ले. करड्या किंवा पिवळसर, लांबट आणि चटकन उडी घेणारे ते प्रौढ. प्रौढच अधिक दिसत असतील तर ते बहुधा शेजारच्या शेतातून किंवा बांधावरून आलेले आहेत. पिल्ले अधिक असतील तर प्रजनन आपल्याच बागेत चालू आहे. बागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मिळून निदान वीस-पंचवीस वेलींवर हे करावे आणि आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. कांद्यात पात हळुवार फाकवून मानेजवळ मोजणी करावी. झाडामागे सरासरी ३० फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते, आणि त्याच्या आत केलेली फवारणी सहसा खर्चाला परवडत नाही.

द्राक्षात मात्र डोळे फुटल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ नाजूक असतो, कारण कोवळ्या मण्याच्या सालीवर पडलेला ओरखडा मणी फुगल्यावर डाग म्हणून कायम राहतो. ऑक्टोबरच्या उबेत पिढी लवकर पूर्ण होत असताना याच काळात निरीक्षण आठवड्यातून दोनदा करावे. फुलकिडे अंडी पानाच्या पेशीत खुपसून घालतात आणि कोषासारख्या अवस्थेत मातीत किंवा पाचोळ्यात जातात; या दोन्ही अवस्थांपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून एका फवारणीनंतर ५-६ दिवसांनी पुन्हा दिसलेली पिल्ले म्हणजे औषध खोटे निघाले असे लगेच समजू नये. ती बहुधा आधी घातलेल्या अंड्यांतून निघालेली असतात. दुसरी फवारणी लागलीच, तर वेगळ्या गटातील औषधाची करावी.

पिठ्या ढेकूण: थंडीतच त्याचा माग काढा

ज्याला आपण सारे मिलीबग म्हणतो त्या द्राक्षावरील गुलाबी पिठ्या ढेकणाचा थंडीचा उंबरठा फुलकिड्यांपेक्षा वर आहे. सुमारे साडेचौदा अंशांखाली त्याची वाढ थांबते आणि २७ ते २९ अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगाने होते. ३५ अंशांच्या पुढे त्याचेही हाल होतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगाव बसवंतच्या बागांत तो जवळजवळ थंडावलेला असतो आणि घडांमध्ये पाणी उतरू लागते त्याच सुमारास, फेब्रुवारीच्या उबेत, त्याचे प्रजनन जोर धरते. एका मादीच्या कापसासारख्या पिशवीत दीडशेपासून पाचशेपर्यंत अंडी असतात. काढणी जवळ आलेली, औषधांच्या अंशाची भीती आणि घडात शिरलेली कीड, असा तिहेरी पेच तेव्हा उभा राहतो.

हा पेच सोडवण्याची वेळ आधीची आहे. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी ओलांड्याच्या (तारेवर आडव्या वाढवलेल्या फांदीच्या) आणि खोडाच्या जोडावरची सुटलेली साल नखाने हलकेच उचलून पाहावी. खाली पांढरा, ओलसर, बोटाला चिकटणारा पुंजका दिसला आणि चिमटीत दाबल्यावर गुलाबी रस निघाला, तर ती मिलीबगची वसाहत आहे. तिच्याकडे जाणारी मुंग्यांची रांग खोडावर बहुतेक वेळा सापडतेच. किंबहुना रांग पाहूनच अशी वेल ओळखता येते. अशा वेलींना रंगीत फीत बांधून खूण करावी. सुटी साल काढून गोळा करावी आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करावी, खोड व ओलांडे यांवर लक्ष देऊन उपचार करावेत आणि मुंग्यांची वारुळे शोधून त्यांचा बंदोबस्त करावा, कारण मुंग्या मधासारख्या चिकट स्रावाच्या बदल्यात मिलीबगला त्याच्या शत्रूंपासून राखतात. बांधावरचे गाजर गवत आणि घराजवळची जास्वंद हीसुद्धा या किडीची माहेरघरे आहेत. सगळ्या बागेवर सरसकट फवारणी करण्यापेक्षा खूण केलेल्या तीस-चाळीस वेलींवर अर्धा दिवस घालवणे माझ्या मते कितीतरी अधिक फायद्याचे ठरते.

पिकाचा ताण किडीच्या पथ्यावर

आतापर्यंत किडीवर येणाऱ्या ताणाचा विचार केला. पिकावर ताण आला, की हिशेब उलटा होतो. पाणी कमी पडलेल्या झाडाच्या रसात सुटी अमिनो आम्ले वाढतात, आणि रस शोषणाऱ्या व खरवडणाऱ्या अनेक किडींच्या मादीला अंडी तयार करण्यासाठी नेमके हेच लागते. गरजेपेक्षा अधिक युरिया घातलेल्या पिकातही असेच घडते. पात हिरवीगार, लुसलुशीत होते आणि फुलकिडे व मावा यांची अंडी-पिल्ले वाढतात. म्हणून कांद्याला नत्र एकदम न देता शिफारशीप्रमाणे विभागून द्यावे, आणि द्राक्षात देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल हाती आल्याशिवाय नत्राची मात्रा वाढवू नये. ज्या शेतात पाण्याच्या पाळ्या चुकतात त्या शेतात फुलकिड्यांचे नुकसानही अधिक दिसते. तुषार सिंचनाची सोय असल्यास उन्हाळ कांद्यात तिचा उपयोग करावा, कारण पाण्याच्या माऱ्याने बरेच फुलकिडे पातीवरून धुऊन जातात. कांद्याची लागवड करण्याआधी सुमारे ३० दिवस शेताच्या कडेने मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू अशा ओळी पेरल्या, तर वाऱ्याबरोबर येणारे प्रौढ फुलकिडे बऱ्याच प्रमाणात अडतात.

डाळिंबाच्या बागेत आपण बहारासाठी मुद्दाम ताण देतो. तो ताण तुटून पाणी सुटले, की सगळ्या बागेत एकाच वेळी कोवळी पालवी आणि कळ्या येतात, आणि त्या आठ-दहा दिवसांत फुलकिडे व मावा यांना एवढे ताजे अन्न मिळते, की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. माव्याची मादी तर नराशिवाय थेट जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. म्हणून हस्त बहार धरलेल्या बागायतदारांनी पहिल्या पाण्यानंतर पालवी निघताच निरीक्षण सुरू करावे.

लाल कोळी हा कीटक नव्हे, तरी त्याचा उल्लेख येथे करायला हवा. कोरडी हवा, धूळ आणि ३० अंशांच्या आसपासचे तापमान मिळाले, की त्याची पिढी आठवडाभरात पूर्ण होते. रस्त्याकडेच्या, धूळ बसणाऱ्या ओळींत तो आधी दिसतो, त्यामुळे फेब्रुवारीपासून तेथील पानांची खालची बाजू भिंगाने पाहावी.

अर्धवट मात्रा हाही एक ताण

शेतकरी बांधवांना सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट ही आहे. कीड मरण्यास अपुरी पडणारी औषधाची मात्रा हादेखील तिच्यावरचा ताणच असतो, आणि काही औषधांच्या बाबतीत या सौम्य ताणाने वाचलेल्या किडीचे प्रजनन कमी होण्याऐवजी वाढते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. इमिडाक्लोप्रिडच्या वापरानंतर लाल कोळ्याच्या माद्यांनी अधिक अंडी घातल्याच्या नोंदी आहेत, आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या वारंवार फवारण्यांनंतर कोळ्यांचा उद्रेक होतो, हा तर अनेक पिकांतला अनुभव आहे. त्यात मित्रकीटक मरण्याचाही मोठा भाग असतो.

झिजलेले नोझल, क्षारयुक्त पाणी, घाईत चालवलेला ट्रॅक्टर, पानांच्या खालच्या बाजूपर्यंत न पोहोचलेला फवारा आणि दोन-तीन औषधे अंदाजाने एकत्र करण्याची सवय, यांतले कोणतेही एक कारण मात्रा अर्धवट करण्यास पुरेसे आहे. फवारणीपूर्वी नोझल तपासावे, पाण्याचा सामू पाहावा आणि लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेले औषध तेवढ्याच प्रमाणात वापरावे. निर्यातीच्या द्राक्षबागांसाठी दर हंगामात प्रसिद्ध होणाऱ्या शिफारस यादीबाहेरचे औषध हाती धरू नये आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ काटेकोरपणे पाळावा.

मित्रकीटकांनाही हवामान सोसावे लागते

जैविक नियंत्रण "चालत नाही" अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, आणि बहुतेक वेळा दोष वेळेचा असतो. किडींच्या अंड्यांत वाढणारे ट्रायकोग्रामाचे इवलेसे परोपजीवी कीटक ३५ अंशांच्या पुढे नीट बाहेर पडत नाहीत आणि बाहेर पडले तरी किडीची अंडी शोधण्याची त्यांची क्षमता घटते. त्यामुळे हे कीटक ज्यावर चिकटवलेले असतात ते ट्रायकोकार्ड दुपारी न लावता सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, ऊन लागणार नाही असे टाचावे. मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे थंडीत मंदावतात. जानेवारीच्या कडाक्यात ते सोडण्याऐवजी दिवसाचे तापमान चांगले वर आल्यावर, आणि मुंग्यांचा बंदोबस्त झाल्यानंतर सोडावेत. लेकॅनिसिलियम, मेटारायझियम, बिव्हेरिया या बुरशीजन्य औषधांना ओलावा आणि २० ते ३० अंशांदरम्यानचे तापमान मानवते, म्हणून परतीच्या पावसानंतरचे दिवस आणि दव पडणाऱ्या संध्याकाळी त्यांच्यासाठी योग्य. मार्चच्या कोरड्या उन्हात त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत.

रब्बी मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीबाबत थोडक्यात इतकेच: २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या या किडीचे जीवनचक्र उबदार हवेत सुमारे ३० दिवसांत पूर्ण होते आणि थंडीत त्याहून बरेच लांबते. तिची मादी शंभर-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालून त्यावर केसाळ लव पसरते. थंडीत हे पुंजके उबण्यास अधिक दिवस लागत असल्याने हाताने वेचून नष्ट करण्यास तेव्हा पुरेसा अवधी मिळतो, आणि घरच्या माणसांनी हे काम आठवड्यातून दोनदा केल्यास पोंग्यात (मक्याच्या कोवळ्या शेंड्यात) शिरणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात.

शेवटी कांदा बीजोत्पादकांसाठी. डोंगळ्याची (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या दांड्याची) फुले जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः मधमाश्यांवर अवलंबून असते. उष्णतेचा फटका माश्यांच्या प्रजननालाही बसतो. पोळ्यातील तापमान फार वाढले तर राणीच्या शरीरातील शुक्राणूंचे नुकसान होते, आणि ते टाळण्यासाठी कामकरी माश्या पाणी आणून, पंख हलवून पोळे थंड ठेवतात. पेट्या ठेवल्या असतील तर त्या दुपारच्या सावलीत असाव्यात आणि जवळ उथळ भांड्यात पाणी भरून त्यात माश्यांना बसण्यासाठी खडे ठेवावेत. डोंगळ्याच्या पिकाला फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. उष्ण, कोरड्या हवेत फुलातील मकरंद घट्ट होतो आणि माश्या दुसऱ्या फुलांकडे वळतात. फुलोरा सुरू होण्यापूर्वीच फुलकिड्यांचा बंदोबस्त करून घ्यावा, फुले उमललेली असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी, आणि अगदीच निरुपाय झाला तर माश्या पोळ्यात परतल्यानंतर, सूर्यास्ताच्या पुढे, माश्यांना कमी घातक असलेले औषध निवडून ती करावी. पेट्या शेजाऱ्याच्या असतील तर त्यांना आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्यांना पेट्या वेळेत हलवता येतील.